गाडीची छपरी पत्र्याला नको, सांगाड्याला बांधा
(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या बायका. दरवेळी आम्ही इथे बचत, कर्ज, हप्ता, वहीतल्या नोंदी याबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचं आहे ते गाडीच्या छपरीबद्दल. तुम्ही म्हणाल, छपरीत बोलण्यासारखं काय आहे? एक ताडपत्री, दोन खांब, झालं काम. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण त्या छपरीने आमची गाडी १९ दिवस बंद पाडली आणि आमच्या एका ताईच्या हाताला पाच टाके पडले. म्हणून सांगतो आहोत.

आमच्या गटात आम्ही दहा जणी. कर्ज काढून आम्ही एक जुना छोटा टेम्पो घेतला. मागे पत्र्याची बंद पेटी, तिच्या एका बाजूला वर उघडणारी मोठी खिडकी, आत ओटा. आठवडी बाजारात, यात्रेत, धान खरेदी केंद्राजवळ आम्ही गाडी लावतो. पोहे, भजे, आलूबोंडे, चहा, आणि मोहफुलांचे लाडू. धंदा बरा चालतो. पण आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात गाडीसमोर गिऱ्हाईक दोन मिनिटं उभं राहत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून गाडीच्या बाजूला छपरी लावायचं ठरलं. दहा फूट लांब, आठ फूट पुढे. खाली दोन बाकडी टाकली की गिऱ्हाईक बसून खातं, आणि बसलं की दुसरा चहाही घेतं.

छपरी लावून देणाऱ्या कारागिराने अर्ध्या तासात काम उरकलं. एक लोखंडी पट्टी गाडीच्या पत्र्यावर टेकवली, सहा सेल्फ स्क्रू मारले, पट्टीला ताडपत्री अडकवली, पुढे दोन पाईप उभे केले. आम्ही विचारलं, "दादा, टिकेल ना?" ते म्हणाले, "ताई, काही होत नाही." आम्हीही खूश. काम लवकर झालं, स्वस्तात झालं.

दोन-तीन आठवडे गेले. आमच्या गटात एक मावशी आहेत, शाळेत गेलेल्या नाहीत, अंगठा लावत होत्या, आता सही शिकल्या. भांडी घासता घासता त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो बाई, वारा आला का त्या स्क्रूपाशी पत्रा फुगते. पाहा जरा." आम्ही पाहिलं नाही. आम्ही म्हणालो, "मावशी, मिस्त्रीने लावलं आहे, त्याला कळतं." मावशी गप्प बसल्या.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, वावधन सुटलं. चैत्र-वैशाखात कसं येतं माहीत आहे ना? आधी सगळं शांत, मग धूळ, मग एकदम जोर. वारा छपरीच्या वरून आला असता तर कदाचित निभावलं असतं. तो खालून शिरला. ताडपत्री सुपासारखी वर उचलली गेली. पहिला स्क्रू उपटला, आणि मग एकामागून एक सगळे. पट्टी, ताडपत्री, पाईप, सगळं उलटून गाडीच्या टपावर गेलं आणि तिथून खाली आलं. एक पाईप त्या बाकड्यावर पडला, जिथून दोन शाळकरी मुली नुकत्याच उठून गेल्या होत्या. पट्टीची धार आमच्या ताईच्या हाताला लागली. आणि त्या दिवशी आत फार उकडतं म्हणून आम्ही शेगडी बाहेर, छपरीखाली काढली होती. कढईत तेल तापलेलं. आमच्यातल्या एकीने आधी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, म्हणून मोठा अनर्थ टळला.

मैत्रिणींनो, त्या रात्री आमच्यापैकी कोणीच झोपलं नाही. त्या मुली डोळ्यांसमोरून जात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. कोणी म्हणालं, वाऱ्याची चूक. कोणी म्हणालं, मिस्त्रीची चूक. मग मावशींनीच उपटलेला एक स्क्रू सतरंजीवर ठेवला आणि म्हणाल्या, "यानं धरलं काय होतं, ते तर सांगा." आम्ही सगळ्या गाडीपाशी गेलो. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. एवढ्या पातळ पत्र्यात स्क्रूचे एक-दोन आटेच बसतात. बाकी सगळा स्क्रू मागच्या पोकळीत लोंबकळत होता. म्हणजे आमची अख्खी छपरी त्या एक-दोन आट्यांवर उभी होती.

आता तुम्हीच सांगा. कवेलूच्या घरात आपण पाळणा कशाला बांधतो? कवेलूला बांधतो का? नाही. मयालीला बांधतो. कवेलू फक्त पाऊस अडवतात, भार मयाल घेते आणि खांबावर देते. गाडीचंही तसंच आहे. पत्रा म्हणजे कवेलू. त्याच्या मागे चौकोनी पाईपचा किंवा अँगलचा सांगाडा असतो, ती मयाल. छपरीचा भार सांगाड्यावर गेला पाहिजे. आजच्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी आमचं इथे येणं सार्थकी लागलं.

वारा किती ओढतो याचा हिशेबही आम्ही मांडला. दहा बाय आठ फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरचा वारा तिच्यावर सरळ आपटला, तर अंदाजे ५५ किलोचा जोर लागतो. वारा दुप्पट झाला, म्हणजे ८० किलोमीटर, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, २२० किलोच्या घरात जातो. आणि पावसाचं पाणी? ताडपत्री सैल असली आणि तिच्यावर सगळीकडे नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं, तरी ते ७४ लिटर होतं, म्हणजे ७४ किलो. जवळजवळ दोन कट्टे धान डोक्यावर.

मग आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगतो. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

सगळ्यात आधी सांगाडा शोधला. बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकत जायचं. पोकळ जागी ढबढब वाजतं, मागे पाईप असेल तिथे ठक्क असा भरीव आवाज येतो. रिव्हेटची किंवा वेल्डिंगच्या ठिपक्यांची सरळ ओळ दिसली, तर तिच्या मागे बहुतेक सांगाडाच असतो. तुमच्या गाडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि सांगाडा लोखंडाचा असेल, तर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटेल तिथे सांगाडा. आतून प्लायवूड लावलेलं असेल, तर तेवढा भाग काढून डोळ्यांनी पाहणं सगळ्यात चांगलं. आम्ही खडूने आतून आणि बाहेरून रेघा मारल्या. आमच्या गाडीत दर दोन फुटांवर एक उभा पाईप निघाला. आणि पहिल्या मिस्त्रीचा एकही स्क्रू त्यावर नव्हता!

त्याच वेळी आतली दिव्याची वायर कुठून जाते तेही पाहून ठेवा. भोक पाडताना वायर कापली गेली तर नवंच दुखणं. भोक पाडायच्या आधी सिलिंडर गाडीतून बाहेर काढून दूर ठेवा. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची वायरही आधी सोडायला सांगा.

मग पट्टीऐवजी अँगल घेतला, दीड इंची, पाच मिलिमीटर जाड, पूर्ण दहा फुटांचा. लांब अँगलमुळे भार एका जागी न पडता सगळ्या उभ्या पाईपांवर वाटला जातो. प्रत्येक उभ्या पाईपवर एक बोल्ट, आठ मिलिमीटरचा, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत अडीच सुती. स्क्रू नाही, बोल्ट. आरपार. आतल्या बाजूने हाताच्या पंजाएवढी लोखंडी पट्टी, मग वायसर, मग नट. पातळ ब्लाउजला बटण लावताना आपण आतून कापडाचा तुकडा ठेवतो ना, नाहीतर बटण कापडासकट निघून येतं? ती आतली पट्टी म्हणजे तो तुकडा. नट साधा घेऊ नका. आत नायलॉनची कडी असलेला नट मिळतो. आपल्या रस्त्यांवर गाडी कशी हादरते माहीत आहे. साधा नट महिन्याभरात ढिला होतो.

इथे एक बारीक गोष्ट. सांगाड्याचा पाईप पोकळ असतो. त्यातून बोल्ट घालून जोरात आवळला की पाईप चेपतो, आणि चेपलेला पाईप कमजोर होतो. म्हणून पाईपच्या आत बोल्टभोवती लोखंडी नळीचा छोटा तुकडा बसवतात. त्याला बुश म्हणतात. मिस्त्रीला आवर्जून विचारा, "दादा, बुश टाकला का?" एवढं विचारलं तरी त्यांना कळतं की समोरच्या बाईला काम समजतं.

आता पाण्याचं. गाडीच्या भिंतीला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पावसाला दिलेलं दार. भोकाची कड घासून साफ करा, तिला रेड ऑक्साईड लावा, वाळू द्या. अँगल आणि पत्रा यांच्या मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी ठेवा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लोखंडी अँगल असेल तर हे रबर हवंच, नाहीतर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात. बोल्टभोवती आणि अँगलच्या वरच्या काठाला, दोन्ही बाजूंना सिलिकॉन भरा. खालचा काठ मात्र मोकळा सोडा. चुकून पाणी आत शिरलंच तर त्याला बाहेर यायला वाट हवी. आणि सिलिकॉन घेताना दुकानात 'न्यूट्रल' मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंज लावतं.

सगळं वाळलं की परीक्षा घ्या. आम्ही अँगलवर बादल्या बादल्या पाणी ओतलं आणि एक जण आत बसून पाहत होती. मग अँगलच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध दोर बांधून, एका वेळी दोन-दोन कट्टे धान, म्हणजे ८० किलो, जमिनीपासून वीतभर वर लटकवले. अँगल हलला नाही. मावशींनी स्वतः वर चढून पत्र्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. तेव्हा आम्ही मिस्त्रीला पैसे दिले. साहित्य आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. पहिल्यांदाच केलं असतं तर १९ दिवसांची कमाई वाचली असती.

ताडपत्री लावताना उतार द्या. आठ फूट पुढे असेल तर पुढचा काठ दीड ते दोन फूट खाली हवा. मधोमध एक आडवा पाईप द्या, म्हणजे पोट सुटणार नाही आणि पाणी साचणार नाही. पुढच्या खांबांना बाहेरच्या बाजूने तिरपे ताण द्या. मऊ जमीन असेल तर दोन फुटी खुंट्या, त्याही तिरप्या ठोकायच्या. डांबरी किंवा सिमेंटची जागा असेल तर खुंटी जात नाही. तिथे वाळूची पोती नाहीतर पाण्याने भरलेले कॅन बांधा. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, एका खांबाला एक पुरत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि ताडपत्री अँगलला बांधताना निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा. दोराचं टोक ओढलं की सुटली पाहिजे. वाऱ्याने ताण आलाच, तर आधी कापड सुटावं, गाडीची भिंत नाही.

हे आम्ही कुठून शिकलो? थोडं गावच्या सुताराकडून, थोडं दुसऱ्या मिस्त्रीकडून, आणि थोडं एका पाहुण्यांकडून. गेल्या मे महिन्यात नागझिऱ्याच्या रस्त्यावर एक कुटुंब राहती गाडी घेऊन थांबलं होतं. आत झोपायची जागा, ओटा, सगळं. अशा गाड्यांना कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्या राज्य सरकारने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी पर्यटन धोरणही आणलं. परदेशात अशा गाड्यांतून लोक महिनोन्‌महिने फिरतात. त्या गाडीच्या बाजूलाही छपरी होती, गुंडाळून ठेवता येणारी, भारी किमतीची. आम्ही चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, ही कशाला लावली आहे?" त्यांनी दार उघडून दाखवलं. मागे सांगाडा, आतून पट्टी, आरपार बोल्ट. लाखांची गाडी असो की आमचा जुना टेम्पो, युक्ती एकच. ते आणखी एक गोष्ट बोलले. रात्री झोपताना आणि गाडी सोडून कुठे जाताना ते छपरी गुंडाळतातच, आकाश कितीही निरभ्र असो. "छपरी सावलीसाठी आहे, वादळासाठी नाही," असं ते म्हणाले. आम्ही ते गाडीच्या आत खडूने लिहून ठेवलं आहे.

आता आमचे रोजचे नियम ऐका. निघायच्या आधी सकाळी मोबाईलवर हवामान पाहायचं. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' हे ॲप मोफत आहे, पुण्याच्या हवामान संस्थेने केलेलं. ते आमच्या तिघींच्या फोनमध्ये आहे. विजेच्या तारांखाली गाडी लावायची नाही, कारण खांब लोखंडी आहेत. शेगडी छपरीखाली काढायची नाही, कितीही उकडलं तरी. ताडपत्री प्लास्टिकची आहे, लगेच पेट घेते. धूळ उडायला लागली, झाडाच्या फांद्या हलायला लागल्या की आधी गॅस बंद, मग छपरी खाली. गिऱ्हाइकांना पक्क्या इमारतीत पाठवायचं, झाडाखाली नाही. गाडी सुरू करायच्या आधी चालवणाऱ्याने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, छपरी गुंडाळली का, बांधली का, ते हात लावून पाहायचं. आणि महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, सगळे नट पान्याने तपासायचे. ती नोंद आमच्या वहीत कर्जाच्या नोंदीशेजारीच असते.

कागदपत्रांचंही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून गाडीला काहीही कायमचं जोडायच्या आधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा. उद्या अपघात झाला आणि विमा अडला, तर हप्ता आपल्यालाच भरायचा आहे.

शेवटी एक गोष्ट राहिली. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. मावशींनी पत्रा फुगतो असं सांगितलं होतं, तेव्हा आम्ही ऐकलं असतं, तर हे सगळं टळलं असतं. आमच्यात बीए झालेल्या आहेत, हिशेब ठेवणाऱ्या आहेत, बँकेत जाऊन बोलणाऱ्या आहेत. पण त्या दिवशी वर नजर मावशींचीच गेली होती. आणि आम्ही त्यांना मिस्त्रीचं नाव सांगून गप्प केलं. घरात आपल्याला जसं गप्प करतात, तसंच. म्हणून आम्ही बैठकीत ठराव केला. छपरी उतरवा असं गटातली कोणीही म्हणाली, तर त्याच क्षणी उतरवायची. अध्यक्षांना विचारायचं नाही, गिऱ्हाईक किती आहे ते पाहायचं नाही. उतरवल्यावर वारा नाहीच आला, तर तिला कोणी हसायचं नाही.

यंदा माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत गाडी लावली, महाशिवरात्रीला प्रतापगडला लावली. प्रतापगडला दुपारी गर्दी ऐन भरात असताना मावशी म्हणाल्या, "उतरवा." आम्ही उतरवली. चार मिनिटं लागली. वारा आला, पण फार मोठा नव्हता. पंधरा मिनिटांनी पुन्हा लावली आणि भजे तळायला घेतले. त्या पंधरा मिनिटांत गेलेलं गिऱ्हाईक परत आलं.

आता उन्हाळा तोंडावर आहे. तुमच्या गटाची गाडी असेल, भाजीचा ठेला असेल, घराच्या भिंतीला लावलेली छपरी असेल, तर उद्या सकाळी एकदा वर पाहा. स्क्रूपाशी पत्रा फुगला आहे का, भोकाभोवती गंजाचा ओघळ आहे का, हाताने हलवल्यावर पट्टी हलते का. यातलं एकही दिसलं, तर दुरुस्त होईपर्यंत छपरी लावू नका. कोणाला काही विचारायचं असेल तर आमच्या बैठकीला या, गाडी दाखवू, बोल्ट मोजून दाखवू. समजावून सांगायला मावशी आहेतच.